तांडेल गया खलास

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. १ ऑगस्टपासून बोटी सुटतात आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या आमच्या बर्फ कारखान्यात पुढचे पंधरा दिवस कुणाला धड जेवायलाही वेळ मिळत नाही. तशाच एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मी वही मिटून उठणार, तेवढ्यात दिसलं की एका ट्रॉलरच्या चिठ्ठीवर तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, सही राहिलीय. ऐंशी लाद्या बर्फ. सही नसेल तर नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पैसे देताना महिनाभर नाचवतो. फोन लावला. उचलला बोटीवरच्या नेपाळी खलाशाने. मागे इंजिनाची धडधड, क्रेट आपटल्याचे आवाज.

“तांडेलचाचांकडे दे जरा.”

“दीदी, तांडेल गया खलास.”

आणि फोन कट.

तुम्ही रत्नागिरीचे असा, मुंबईचे असा, नाहीतर नुसते हिंदी सिनेमे बघत मोठे झालेले असा, माणसाबद्दल ‘खलास’ म्हटल्यावर काय समजायचं ते सांगायला नको. चाचांना साखरेचा त्रास, वय साठीच्या पुढे, त्यात दोन महिने घरी बसून पहिलीच फेरी. मी स्कूटर काढली. जेटीपर्यंत पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यांच्या बायकोला काय आणि कसं सांगायचं इथपर्यंत माझी मजल गेली होती. आणि जेटीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर, पिवळ्या दिव्याखाली चाचा उभे! एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात खारी. चहात बुडवलेली खारी तुटून पडू नये म्हणून तोंडच खाली ग्लासापाशी नेऊन खात होते.

“काय गो ताई, इतक्या रात्री?”

हसावं, रडावं की त्यांची ती खारी हिसकावून समुद्रात फेकावी, मला कळेना. सही घेतली. मग त्या पोराला बोलावलं. तो बिचारा चक्रावून गेला. “मैं तो सही बोला दीदी. तांडेल गया खलास. बोट पे नहीं था.”

बरोबरच होतं त्याचं. तांडेल उतरून गेलेला आहे, आता बोटीवर नाही, एवढंच तो सांगत होता. मरणाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

मी या कारखान्यात चौदा वर्षं हिशेब बघते. दिवसभर माझ्या खिडकीशी जी भाषा चालते तिला सगळे ‘बंदरातली हिंदी’ म्हणतात. खलाशी नेपाळचे, कर्नाटकातले, आंध्र-ओडिशाकडचे. नाखवा आणि तांडेल इथले. कुणी मुसलमान, घरी आपली कोकणी बोली बोलणारे, कुणी खारवी, कुणी भंडारी. मासळी उचलायला येणारे ट्रकवाले आणखी कुठले कुठले. यांतल्या जवळपास कुणाचीच ती मातृभाषा नाही. ‘बोट आया’, ‘गाडी गया’, ‘मैं जाता’, ‘वो लोग जाता’. हिंदीतला ‘ने’ तर केव्हा पाण्यात पडला कुणाला पत्ताच नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी मास्तरणीसारखी सुधारत बसायचे. “बोट आया नाही रे, बोट आयी.” पोरं ऐकून घ्यायची, “हां दीदी, बोट आयी” म्हणायची, आणि पाठ वळली की पुन्हा बोट आया.

त्या रात्रीनंतर मी सुधारायचं सोडलं आणि टिपायला लागले. हिशेबाच्या वहीची मागची पानं रिकामीच असतात. तिथे तारीख आणि वाक्य.

‘बर्फ भरा खलास.’ म्हणजे भरून संपला. इथे ‘खलास’चा मूळचा अर्थ शाबूत आहे. ‘डिझेल आया खलास.’ डिझेल आलेलं आहे. आता इथे काय संपलं? येणं संपलं, असं ओढूनताणून म्हणता येईल. ‘मेरेको मालूम खलास.’ मला आधीच माहीत आहे. इथे ओढूनताणूनही जमत नाही; माहीत असणं कसं संपेल? आणि मग एका सकाळी बर्फाचा क्रशर चालू करताना वर नळीशी उभा असलेला पोरगा खाली ओरडला, “चालू हुआ खलास!” सुरू झालं, संपलं! मी पेन खाली ठेवलं. ज्या शब्दाचा अर्थच ‘संपलं’, तो ‘सुरू झालं’च्या मागे येऊन बसला होता, आणि जेटीवरच्या शंभर माणसांत ते खटकणारी मी एकटीच.

उच्चाराचंही तसंच. जुने खलाशी तिन्ही अक्षरं नीट म्हणतात, ख-ला-स. नव्या पोरांच्या तोंडी ते ‘ख्लास’ होतं, आणि घाईत नुसतं ‘लास’. ‘भरालास.’ पण त्याच पोरांपैकी एकाचं जाळं खडकाला लागून फाटलं तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, “सब खलास!” तिथे अख्खा शब्द, एकही अक्षर न गाळता. म्हणजे त्याच्यापाशी आता दोन शब्द आहेत. एक नुकसान सांगायचा, आणि दुसरा क्रियापदाला चिकटवायचा.

हे मला दिसलं याचं श्रेय आमच्या सरांना. टी.वाय.ला मराठी विषयात भाषाविज्ञानाचा पेपर होता आणि सर कधी नोट्स द्यायचे नाहीत, त्यामुळे वर्गात आम्ही सात-आठ जणीच बसायचो. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘बाय मी गो’. वर्ग हसला, कारण आमच्याकडे ‘बाय’ म्हणजे लेक आणि ‘गो’ म्हणजे अगं. “बाय, मी गो!” दारावर कडी वाजवणारी कुणी शेजारीणच वाटली. सर म्हणाले, ही टोक पिसिन आहे, पापुआ न्यू गिनीची भाषा, आणि याचा अर्थ आहे ‘मी जाईन’.

त्या देशात आठशेहून जास्त भाषा आहेत. एका डोंगरावरच्या माणसाला दुसऱ्या डोंगरावरचं कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅसिफिकमधल्या बेटांवरून मजूर नेले जात, क्वीन्सलंडच्या ऊसमळ्यांवर, सामोआतल्या खोबऱ्याच्या मळ्यांवर. एकट्या क्वीन्सलंडात १८६३ ते १९०४ या काळात बेटांवरच्या माणसांशी सुमारे बासष्ट हजार करार झाले. मुकादम इंग्रजी बोलणारा किंवा जर्मन, मजूर शंभर गावचे. मधल्यामध्ये तोडक्या इंग्रजीची एक कामचलाऊ बोली तयार झाली. करारांची मुदत संपली, माणसं घरी परतली, येताना ती बोली घेऊन आली आणि गावी पोचल्यावर तिचा खरा उपयोग कळला: शेजारच्या डोंगरावरच्याशी बोलता यायला लागलं. अशा कुणाचीच मातृभाषा नसलेल्या बोलीला पिजिन म्हणतात. मुलं तिच्यातच जन्मून वाढायला लागली की क्रिओल. टोक पिसिनच्या नावात ‘पिसिन’ अजून आहे, पण १९७५ साली देश स्वतंत्र झाला तोवर शहरांतल्या कितीतरी घरांत ती मुलांची पहिली भाषा झाली होती. आज तिथल्या संसदेत ती चालते.

तर तो ‘बाय’. इंग्रजीत एक जुना शब्दप्रयोग आहे, ‘बाय अँड बाय’, म्हणजे थोड्या वेळाने, सावकाशीने. मळ्यावर त्याचा ‘बायम्बाय’ झाला. आधी तो वाक्याच्या सुरुवातीला यायचा, ‘थोड्या वेळाने मी जातो’ असा. मग झिजून ‘बाय’ झाला. मग वाक्याच्या टोकावरून सरकत सरकत क्रियापदाजवळ आला, ‘मी बाय गो’. आता त्यात ‘थोड्या वेळाने’ काही उरलेलं नाही. ‘दहा वर्षांनी जाईन’ म्हणतानाही बाय लागतो आणि ‘हा निघालो’ म्हणतानाही. भविष्यकाळाची खूण, बास.

१९७३ साली गिलियन सँकॉफ आणि सुझान लाबेर्ज या दोघींनी लाए शहरातल्या कुटुंबांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबाप ही भाषा मोठेपणी शिकलेले, मुलं मात्र तिच्यातच वाढलेली. सोपी अपेक्षा अशी, की व्याकरण घडवलं असेल ते मुलांनी. पण त्यांना दिसलं ते निराळं. ‘बाय’ला भविष्यकाळाच्या कामावर मोठ्यांनीच लावून टाकलं होतं. मुलांनी केलं एवढंच, की ते त्याच्यावर जोर देईनात. सरसर बोलताना त्यांच्या तोंडी ‘बाय’चा स्वरही पुसट व्हायचा, नुसता ‘ब’ उरायचा. हे ऐकलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि परीक्षेत येईल म्हणून लिहून घेतलं. (आलं नाही.) पुढे वीस वर्षांनी ‘भरालास’ कानावर पडलं तेव्हा तो ‘ब’ आठवला.

आमच्या ‘खलास’चा तिथला भाऊ ‘पिनिस’. हा इंग्रजी ‘फिनिश’. ‘एम इ गो पिनिस’ म्हणजे तो गेलेला आहे, हुबेहूब ‘तांडेल गया खलास’. गंमत म्हणजे त्या भाषेत नुसतं ‘डाय’ म्हटलं तर माणूस बेशुद्ध पडला असाही अर्थ होतो; खरोखर मेला असेल तर ‘डाय पिनिस’ म्हणतात. म्हणजे तिथेही माझी फसगत झालीच असती, फक्त उलट बाजूने.

आणि हे एकट्या न्यू गिनीचं नाही. मॉरिशसची क्रिओल फ्रेंचवरून झाली. फ्रेंचमध्ये ‘संपवणे’ला जे क्रियापद आहे त्याचा तिथे ‘फिन’ झाला: ‘मो फिन मांझे’, मी जेवलोय. ‘साठी’ या अर्थाच्या शब्दाचा झाला ‘पू’, आणि तो भविष्यकाळ दाखवतो: ‘मो पू मांझे’, मी जेवेन. मलाक्कातली पोर्तुगीज क्रिओल घ्या, तिथे ‘काबा’, मुळात पोर्तुगीजमधलं ‘संपणे’. म्हणजे तीन समुद्र, तीन निरनिराळ्या मूळ भाषा आणि प्रत्येक ठिकाणी काम पूर्ण झाल्याची खूण करायला माणसांनी उचलला तो ‘संपलं’ हाच शब्द. मॉरिशसला रत्नागिरीकडचीही पुष्कळ माणसं उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांची पतवंडं आज गणपती बसवतात, आरत्या म्हणतात आणि घरात ‘मो फिन मांझे’ बोलतात.

शब्दाने आपला अर्थ सोडून व्याकरणाच्या नोकरीला लागायचं, या प्रकाराला आंत्वान मेये या फ्रेंच भाषापंडिताने १९१२ साली नाव दिलं. मराठीत त्याला व्याकरणीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही.

आता आमच्या नाखवांचं मत. (आमचे म्हणजे ज्यांच्या तीन बोटी आमच्याकडून बर्फ घेतात ते.) ते म्हणतात, “ताई, ह्या पोरांना भाषा येत नाय म्हणून ती काहीतरी मोडकंतोडकं बोलतात. त्यात कसलं आलंय व्याकरण?” मी त्यांना म्हटलं, तुम्ही आत्ता जे बोललात त्यात ‘म्हणून’ कशाला आलं? कोण काय म्हणालं? ते गप्प. “पोरांना भाषा येत नाही, असं म्हणून” हा त्याचा मूळचा मामला. कुणीतरी काहीतरी बोलायचं आणि मग पुढचं व्हायचं. आता कुणी काही बोलत नाही, तरी ‘म्हणून’ आहेच. पाऊस आला म्हणून गेलो नाही. पाऊस काय म्हणाला? नायजेरियाच्या पिजिनमध्ये ‘मला माहीत आहे की तो आलाय’ म्हणताना मधल्या ‘की’च्या जागी ‘से’ म्हणतात, इंग्रजीतलं ‘बोलणे’. आमच्या बंदरावर कर्नाटक-आंध्रकडचे खलाशी म्हणतात, ‘नाखवा आयेगा बोलके मैं रुका’. मुंबईकडून आलेले त्याच जागी ‘करके’ घालतात. आपण शाळेत ‘म्हणून’ला उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ केलं (बघा, पुन्हा आलं) आणि त्यांचं ‘बोलके’ ऐकून हसतो.

मराठीत असे पेन्शनीत गेलेले शब्द मोजायला बसलं तर वही पुरणार नाही. मला सगळ्यांत आवडतात ते अंगाचे. पैशांपायी भाऊ भावाला तुटतो, त्यात पाय कुणाचाच नसतो. काळजीपोटी आई फोन करते, त्यात पोट नसतं. बंदीच्या तोंडावर मासळीचे भाव चढतात, आणि बंदीला तोंड नसतं. पावसामुळे बोटी परत येतात, पण पावसाला मूळ कुठलं? पाय, पोट, तोंड, मूळ, सगळी धडधाकट नामं होती. कुणी कारण सांगायच्या कामाला लागलं, कुणी वेळ सांगायच्या. आणि ‘पाहिजे’! ‘पाहणे’चं हे जुनं कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिलं जातं’. एखादी वस्तू शोधली जाते, तिची वाट पाहिली जाते, म्हणजे ती हवी आहे. तिथून ‘जायला पाहिजे’ या सक्तीपर्यंत ते पोचलं. बँकेच्या पत्रात ‘हप्ता भरला पाहिजे’ असं येतं तेव्हा त्यात कुणी काही पाहत नसतं. म्हणजे बँक पाहत असते, पण ते निराळं.

‘लागणे’बद्दल लिहायला घेतलं तर उद्याचा बर्फ निघणार नाही. सोडून देते.

एक प्रश्न मात्र मला बरेच दिवस छळत होता. ‘संपलं’ या अर्थाचे शब्द आणखीही होते. हिंदीतलं ‘हो गया’ होतं, ‘चुका’ होतं. मग पोरांनी ‘खलास’च का धरला? त्याच नेपाळी पोराने उत्तर दिलं, उत्तर देतोय हे त्याला माहीत नसताना. मी विचारलं, तुझ्या गावी ‘जेवून झालं’ कसं म्हणतात? म्हणाला, ‘खाइसक्यो’. आणि बर्फ भरून झाला? ‘भरिसक्यो’. नेपाळीत ‘सक्नु’ म्हणजे संपवणंही आणि शकणंही, आणि दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला लागून ते काम झाल्याचं सांगतं. बाजूला उभा असलेला कर्नाटकातला खलाशी म्हणाला, आमच्यात ‘ऊटा आयतु’, जेवण झालं. आणि मी स्वतः काय विचारलं होतं? ‘जेवून झालं.’ तिघांच्याही घरी तोच साचा, काम आधी आणि ‘संपलं-झालं’ मागून. साचा प्रत्येकाने आपापल्या गावाहून आणला होता. फक्त त्यात ओतायला तिघांनाही कळेल असा एक शब्द हवा होता, आणि ‘खलास’ सगळ्यांना कळतो. ‘हो गया’ला हुआ-हुई-होता अशी रूपं चालवावी लागतात, ‘खलास’ला काही करावं लागत नाही, जसा आहे तसा लावा. शब्दकोश ‘खलाशी’ आणि ‘खलास’ एकाच अरबी मुळाशी नेतात. सुटका, मोकळीक असा त्या मुळाचा अर्थ. हा जुळून आलेला योग, त्याच्यातून मी काही सिद्ध करत नाहीये.

न्यू गिनीतही असंच झालं, आणि तिथलं उदाहरण मराठी माणसाला समजवावं लागत नाही. इंग्रजीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ एकच. बेटांवरच्या भाषांत मात्र आपल्यासारखे दोन वेगळे शब्द असतात. तेव्हा त्यांनी इंग्रजीचेच तुकडे घेऊन ते वेगळे केले. ‘यू’ अधिक ‘मी’, ‘युमि’: तू धरून आपण. आणि ‘मी’ला ‘फेलो’ जोडून ‘मिपेला’: तू सोडून आम्ही. तो ‘फेलो’ म्हणजे गडी, सोबती. तिथे तो ‘पेला’ होऊन सगळीकडे चिकटला. चांगलं घर असेल तर ‘गुतपेला हाउस’. घराला गडी म्हणायचं का, असं कुणी विचारत नाही. आमच्या जेटीवर ‘लोग’चं हेच चाललंय. ‘वो लोग’, ‘खलाशी लोग’ इथपर्यंत ठीक. पण परवा ऐकलं, “तीन बोट लोग आया.” कुत्रे लोग तर रोजचेच.

आपण-आम्हीवरून बोटीवर एकदा छान गोंधळ झाला होता. एका बोटीवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाक करणारा, नेपाळी. हौसेने मराठी शिकला. मे संपत आला, बोट वर ओढायची वेळ झाली, तेव्हा तो नाखवांना म्हणाला, “नाखवा, उद्या आपण नेपाळला जाणार.” नाखवा म्हणाले, “मी कशाला येऊ मेल्या? मी हाय तिथं बरा हाय.” त्याला कळेचना काय चुकलं. हिंदीत एकच ‘हम’, त्याच्या नेपाळीतही ‘हामी’ एकच. शेवटी समजावलं ते आंध्रच्या खलाशाने, ज्याला मराठी धड येत नव्हती. तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’ असा आपल्यासारखाच फरक आहे. त्याने दोन बोटं दाखवून, एकदा नाखवांना धरून आणि एकदा वगळून, दोन मिनिटांत सगळं समजावलं.

कुणी म्हणेल, बंदरातली हिंदी खरं तर पिजिन नव्हे, सोपी केलेली हिंदीच ती. असेल. तज्ज्ञही तसंच म्हणतील आणि मी भांडणार नाही. मी शब्दाचं काम बदलताना पाहिलं, त्याला ‘पिजिन’ची पाटी लागलीच पाहिजे असं नाही. पाटीवालं हवं असेल तर तेही कोकणातच आहे. अलिबागहून मुरुडला जाताना रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई लागतं. गेल्या वर्षी मुरुडच्या आत्याकडे जाताना मी तिथे मुद्दाम उतरले. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा सोडलं, ते मराठ्यांकडे आलं. किल्ला ओस पडला, पण पायथ्याच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीजवरून झालेली क्रिओल अजून घराघरांत बोलतात, हजारेक माणसं. ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आमची भाषा. (आमच्या सरांनी हे नाव सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर जे व्हायचं ते झालं.) एक मावशी दारात सुकट पसरत होत्या. आतल्या मुलीशी त्या भाषेत बोलल्या आणि माझ्याशी वळून स्वच्छ आगरी वळणाच्या मराठीत. मला एक शब्द कळला नाही, पण लय ओळखीची वाटली. आणि त्याला कारण आहे: पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येतं, कोर्लईत मराठीच्या संगतीने ते शेवटाकडे सरकलं. भविष्यकाळ दाखवायला क्रियापदाआधी ‘ल’ लावतात. हा पोर्तुगीज ‘लोगो’, म्हणजे ‘लवकरच, थोड्या वेळाने’. म्हणजे न्यू गिनीचा ‘बाय अँड बाय’ आणि कोर्लईचा ‘लोगो’ एकमेकांना न भेटता एकाच वाटेने चालत गेले, आणि दोघांचं शेवटी एकेक अक्षर उरलं. मी मावशींना विचारलं, हा ‘ल’ कुठून आला? त्या म्हणाल्या, “ल कुठून येईल? आमचा हाय.” आणि सुकटीवरचा कावळा हाकलला.

यंदाच्या हंगामातली शेवटची नोंद एप्रिलची आहे. जेटीमागच्या चाळीत एक नेपाळी जोडपं राहतं. नवरा बोटीवर, बायको कोळंबी सोलायला जाते. मुलगी दुसरीत, मराठी शाळेत. आई येईपर्यंत माझ्या टेबलाशी बसून अभ्यास करते. घरी नेपाळी, शाळेत मराठी, जेटीवर ती हिंदी. पाढे लिहून झाले, वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “काकी, लिहिलं लास.” मराठीत! तिच्या बापाला ‘खलास’ माहीत आहे, तिला नुसता ‘लास’. मी विचारलं, लास म्हणजे काय? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या मावशींनी पाहिलं होतं. “लास म्हणजे लिहिलं लास.”

आणि परवा मी नाखवांना, त्या मोडकंतोडकंवाल्या नाखवांना, हंगामाच्या बाकीचं बिल व्हॉट्सॅपवर पाठवलं. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या बघत बसले, मग आज सकाळी उत्तर आलं: “ताई, पैसे टाकले खलास.”

दुपारी बँकेत पाहिलं. अजून आलेले नाहीत.